धुण्याचा दगड

मीठवाला गाढवाच्या पाठीवरची गोणी सारखी करत होता आणि हेर्मियास चौकातल्या हौदावर घागर भरत होता. मीठवाला वळूनही न बघता म्हणाला, "अहो पाणीवाले, तुमची मेलिता उद्या सासरहून येतेय. आईच्या वर्षाचा दिवस आहे ना? गहू मी शिजवून आणते म्हणाली. बाबांनी काही करू नये, फक्त आईचा दगड तेवढा धुऊन ठेवावा." एवढं सांगून त्याने गोणीची गाठ ओढली, गाढवाला दोन शिव्या घातल्या आणि तो चालता झाला. हेर्मियास तिथेच उभा राहिला. घागर भरली, भरून वाहायला लागली, पाणी त्याच्या पायांवरून फरसबंदीवर पसरलं. ज्या माणसाने चाळीस वर्षं याच हौदावर बायाबापड्यांना पाण्यावरून दटावलं होतं, तो माणूस ते पाणी वाहताना नुसता बघत राहिला. शेजारी कोबी धूत बसलेल्या नोन्नाने मान वर केली. "हेर्मियास भाऊ," ती म्हणाली, "पाणी काय फुकट येतं का?" हे त्याचंच वाक्य होतं आणि ते परत करायची संधी नोन्ना गेली कित्येक वर्षं शोधत होती. घागर तिथेच विसरून तो भिंतीच्या दिशेने चालायला लागला.

दगड जागेवर नव्हता. मेलिताला हे ठाऊक नव्हतं आणि दगड नेमका कुठे आहे हे हेर्मियासलाही ठाऊक नव्हतं. वसंतात बादशहाचा हुकूम आला होता की नदीपलीकडचे घोडेस्वार पुन्हा खाली उतरतायत, तेव्हा ओर्थेया शहराने सुगीच्या आत नवी भिंत उभी करावी. पूर्वीची भिंत मोठी होती, पूर्वीच्या माणसांना पुरेल अशी. आता तेवढ्या भिंतीवर उभं राहायला माणसंच नव्हती, म्हणून नवी भिंत आखडून घ्यायचं ठरलं आणि खाणीतून दगड आणायला वेळ नव्हता, म्हणून शहराबाहेरच्या रस्त्यालगतचे, मेलेल्या माणसांच्या थडग्यांचे दगड घ्यायचं ठरलं. बिशपनी प्रार्थना म्हटली, हाडं गोळा करून देवळाच्या अंगणात एकाच खड्ड्यात ठेवली आणि स्मशानाच्या जागेवरून खंदक गेला. कुठला दगड न्यायचा, कुठला मोडका म्हणून सोडायचा, हे ठरवून त्यावर गेरूची खूण करायचं काम नगरसभेने हेर्मियासवर टाकलं, कारण दगडातलं आणि चुन्यातलं त्याला कळत होतं. त्याने खुणा केल्या. मात्रोनाच्या, म्हणजे स्वतःच्या बायकोच्या दगडावरही केली. पुढे ऐन बांधकामात तो तापाने अंथरुणाला खिळला आणि उठला तेव्हा भिंत डोक्याच्या वर गेली होती. मेलिताला त्याने कळवलं नाही. कळवू कळवू म्हणता उन्हाळा सरला. आता उद्या ती शिजवलेल्या गव्हाचं भांडं घेऊन येणार होती, वर डाळिंबाचे दाणे पेरलेलं, आणि तो तिला एक भलीमोठी भिंत दाखवणार होता.

ओर्थेया त्याला पायाखालून माहीत होतं. लोक शहर ओळखतात ते देवळांवरून, चौकांवरून; हेर्मियासच्या घराण्यात चार पिढ्या शहर ओळखत आल्या त्या नळांवरून. सगळ्यात खाली शिशाचे नळ. ज्या काळात इथे अंघोळीच्या घरात गरम पाणी दिवसभर खेळायचं आणि नाटकगृहात पाच हजार माणसं बसायची, त्या काळातले. त्यांच्यावर खापरी नळ, भूकंपानंतर घाईघाईने घातलेले, प्रत्येकाच्या कडेला कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा. त्यांच्यावर पोखरलेल्या लाकडाचे नळ, ते त्याच्या बापाने घातले, कारण तोवर भट्टीला लागणारं सरपण आणायला डोंगरात जायची कुणाची छाती होत नव्हती. वर जमिनीवर काय काय होऊन गेलं ते खाली नळांना बरोबर कळत होतं. अंघोळीच्या घराचं कोठार झालं तेव्हा तिकडचा नळ आजोबांनी चिखलाने बंद केला. देवीच्या देवळातले खांब बिशपच्या देवळात गेले, संगमरवरी माणसं भट्टीत जळून चुना झाली, नाटकगृहाच्या पायऱ्या एकेक करून कुणाकुणाच्या उंबऱ्याला लागल्या. दरवेळी खाली एक तोटी बंद. हेर्मियासला त्याचं कधी फार वाईट वाटलं नव्हतं. शहर म्हातारं होतंय, तर ते थोडं कमी पाणी पिणार. त्याला स्वतःलाही आता पूर्वीइतकी तहान लागत नव्हती.

आणि मात्रोनाचा दगडही काही मुळात मात्रोनाचा नव्हता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नदीला पूर येऊन गेल्यावर तिला तो गाळात सापडला होता. एका बाजूला घोड्यावर बसलेला शिपाई, अंगरखा वाऱ्यावर उडालेला, कुणा तीनशे वर्षांपूर्वीच्या पलटणीतला. दुसरी बाजू कोरी, सपाट. "कुणाच्या तरी थडग्याचा आहे गं," हेर्मियास म्हणाला होता. "असेल," मात्रोना म्हणाली होती, "पण त्याला आता काय कपडे धुवायचेत? मला धुवायचेत." तिने दोघा शेजाऱ्यांना कामाला लावून दगड अंगणातल्या मोरीपाशी आणवला, शिपाई खाली आणि सपाट बाजू वर, आणि पुढची चोवीस वर्षं त्यावर धुणं आपटलं. हेर्मियासचे चिखलाने माखलेले अंगरखे, मेलिताची दुपटी, मेलिताचे झगे, मेलिताचं लग्नातलं वस्त्र. लहानपणी मेलिता त्या दगडावर पालथी पडायची आणि कडेखालून हात घालून घोड्याचा पाय चाचपायची. आई, तो घोडा थंड झालाय, असं सांगायची. मग मात्रोना दगडावर गरम पाण्याचं एक भांडं ओतायची, घोड्याला ऊब मिळावी म्हणून. सहा वर्षांपूर्वी थंडीच्या तोंडाशी खोकून खोकून मात्रोना गेली तेव्हा हेर्मियासने दुसरा दगड शोधलाच नाही. तिचं नाव आणि एक क्रूस त्याने स्वतः कोरला. कोरायची सवय नव्हती, अक्षरं उथळ आली, पाटीवर ओढल्यासारखी. मग दगडात भोक पाडायला घेतलं. वर्षाच्या दिवशी त्यातून वाइन ओतायची आणि ती खाली माणसापर्यंत पोचायची, ही इथली जुनी रीत. बिशप नाक मुरडायचे, पण त्यांच्या स्वतःच्या आईच्या दगडालाही भोक होतं. हेर्मियासने अर्धं भोक वरून पाडलं, अर्धं खालून आणि दोन्ही मधोमध भेटलीच नाहीत. आत एक पायरी राहिली, बोटभर. चाळीस वर्षं नळाला नळ जोडणाऱ्या माणसाचं भोक वाकडं. मेलिता रडता रडता हसली होती तेव्हा. "आई तुम्हाला हे कधी विसरू देणार नाही," असं म्हणाली होती.

विसरू दिलं नसतंच. नळाच्या कामात मात्रोनाचा हात हेर्मियासहून सरस होता, आणि हे तो जिथे तिथे सांगायचा, फक्त तिच्यासमोर नाही. नळाचा नवा तुकडा बसवला की तो गळतोय का, कुठे तुंबतोय का, हे बघायची एकच पद्धत होती. वरच्या तोंडाशी एकाने भांडंभर पाणी ओतायचं आणि खालच्या तोंडाशी दुसऱ्याने हात धरून बसायचं. वर मात्रोना, खाली तो. ती पाणी ओतायची आणि मग नळाच्या तोंडाशी ओठ नेऊन विचारायची, "पोचलं का?" शंभर पावलांवरून, मातीखालून, तिचा आवाज त्याच्या कानाशी यायचा, जरा घोगरा, जरा ओला, पण तिचाच. तो म्हणायचा, "पोचलं." कधी पाण्याआधी आवाज यायचा, कधी आवाजाआधी पाणी. एकदा आवाज आला आणि पाणी आलंच नाही, तेव्हा त्याने मुद्दाम "पोचलं" म्हटलं आणि ती वरून म्हणाली, "खोटं बोलू नकोस, मी ओतलंच नाहीये अजून." ओर्थेयाच्या रस्त्यांखाली अशी एकही गल्ली नव्हती जिच्यातून तिचा आवाज त्याच्यापर्यंत आलेला नव्हता.

भिंतीच्या कडेने चालताना त्याला हे सगळं आठवत होतं आणि त्याच्याखाली ते दुसरंही, जे आठवायला नको होतं. त्या दिवशी स्मशानात अर्धं गाव जमलं होतं. तो गेरूचं मडकं घेऊन एकेका दगडापाशी जायचा आणि बायका पदराने डोळे पुसायच्या. नोन्नाचा नवरा बास्सोस, त्याच्या दगडावर हेर्मियासने खूण केली तेव्हा नोन्ना मोठ्याने म्हणाली, "बघू या आता, स्वतःच्या बायकोपाशी पोचला की मडक्यातला गेरू संपतो का." सगळे थांबले. खरं तर त्या सकाळपर्यंत त्याच्या मनात होतं की मात्रोनाचा दगड चार दिवस आधी गुपचूप उचलून अंगणात आणून ठेवावा, पुन्हा मोरीपाशी, कुणाला काय कळतंय. पण लोक बघत होते. तो मात्रोनाच्या दगडापाशी गेला, बोटं मडक्यात बुडवली आणि मोठी, ठसठशीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारली. गरजेहून दुप्पट मोठी. आणि त्याने मागे वळून पाहिलं. तेवढंच. मागे वळून, लोकांच्या तोंडांकडे पाहिलं. नगरसभेचे प्रमुख पुढे आले, त्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "याला म्हणतात माणूस." ती थाप त्याला आवडली होती. संध्याकाळपर्यंत खांद्यावर तिची ऊब होती. तापात पडल्या पडल्या त्याला तीच थाप पुन्हा पुन्हा ऐकू यायची आणि प्रत्येक वेळी त्याला वाटायचं की हा आवाज धुणं आपटल्याचा आहे. उन्हाळ्यात घोडेस्वार खरंच आले. भिंत बघून, दोन दिवस शेतं तुडवून निघून गेले. म्हणजे भिंत हवीच होती, दगड हवेच होते. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. मागे वळून पाहिलं नसतं तर चाललं असतं.

मुख्य गवंडी कोनोन दक्षिणेच्या डोंगरातला होता, हाताखाली तिकडचीच माणसं घेऊन आलेला, आणि आता वरच्या कंगोऱ्यांचं काम उरकत होता. हेर्मियास खालून हाक मारत राहिला तेव्हा तो शिडीवरून उतरला, केसांत चुना, हातात कांदा.

"काय पाणीवाले, आज इकडं कुठं?"

"एक दगड विचारायचा होता."

"हितं चार हजार हाईत. त्यातला कुठला?"

"माझ्या बायकोचा."

कोनोनने कांद्याचा घास घेतला आणि सावकाश चावला. "अक्षरं असतील ती बाजू आत, असं तुम्हीच बजावलं व्हतं न्हवं? म्हनं, लोक आपापला दगड वळखून मिठ्या मारत बसतील, काम खोळंबंल. आता म्या कसा वळखू?"

ते खरंच होतं. तो नियम हेर्मियासचाच होता आणि तेव्हा त्याला तो फार शहाणपणाचा वाटला होता. "त्याला भोक होतं," तो म्हणाला. "तीन बोटांचं. आणि एका बाजूला घोडेस्वार."

"भोक?" कोनोनचा चेहरा जरा बदलला. "मग ऱ्हावा. भोकाचा दगड म्या भिंतीत घालत न्हाई, भार घेत न्हाई त्यो. त्यो मोरीला. तुमी पाच मोऱ्या सोडाया सांगितल्या व्हत्या, गावातलं पावसाचं पानी भाईर जायाला. आतनं खापरी नळ टाकला आन् भायल्या तोंडाला भोकाचा दगड लावला. आयतं भोक मिळाल्यावर नवं कोन पाडतंय? भोकाचे पंधरावीस आले व्हते. त्यातले पाच लागले, बाकीचे फोडून भरावात." मग त्याला आपण काय बोललो ते कळलं. त्याने उरलेला कांदा तसाच हातात धरला. "असंल तुमचा बी त्या पाचांत," तो म्हणाला. "घोड्यावाला एक लावल्याचं आठवतंय. का न्हाई, देव जाणे. घोडी लई व्हती त्या स्मशानात."

हेर्मियास दरवाज्यातून बाहेर पडला आणि भिंत आणि खंदक यांच्यामधल्या अरुंद वाटेने निघाला. दुपारचं ऊन दगडांवर होतं. बाहेरून भिंत नुसती उघडीबोडकी, चुन्याची बोटं फिरलेली, एकही अक्षर नाही, एकही चेहरा नाही. ज्यांना तो नावाने ओळखत होता ती सगळी माणसं त्याच्याकडे पाठ करून उभी होती. पहिली मोरी नाटकगृहाच्या मागे. गुडघा कुरकुरत होता तरी तो खाली बसला आणि त्याने भोकात बोट घातलं. बोट सरळ गेलं, गुळगुळीत, कुठे अडलं नाही. चांगल्या कारागिराचं भोक. त्याने बोट काढून अंगरख्याला पुसलं आणि मग त्याला वाटलं, पुसायला नको होतं, कुणाच्या तरी घरात शिरून पाय पुसून बाहेर पडावं तसं झालं. दुसरी कोठारापाशी; तिथलं भोक चौकोनी. तिसरी देवळाच्या पाठीमागे, भोक एवढं मोठं की मूठ जाईल. हे दाणे दळणाऱ्या पेत्रोनाच्या बापाचं असावं, त्याला पिणं फार प्यारं होतं. हेर्मियासला हसू आलं आणि भिंतीला टेकून तो जरा वेळ तसाच बसला. चौथी उत्तरेच्या बुरुजाशी. तिथेही बोट सरळच गेलं. आता उरली पाचवी, शेळ्यांच्या दरवाज्याजवळची, जिथे शहराचा उतार संपतो आणि सगळं पाणी येऊन साठतं. ती इथून दिसत होती. तीनशे पावलंही नसतील. हेर्मियासने तिकडे पाहिलं, गुडघ्यावरून हात फिरवला, गुडघा दुखतोय असं स्वतःलाच सांगितलं आणि तो घरी परत गेला. चार मोऱ्यांत ती नव्हती. पाचवीतही नसली तर ती भरावात होती, फोडलेली. जोवर पाचवी बघितली नाही तोवर ती कुठेतरी होती.

सकाळी मेलिता आली. डोक्यावर गव्हाचं भांडं, काखेत वाइनचा बुधला आणि आईचीच चाल, आधी टाच टेकवणारी. आल्या आल्या तिने अंगण झाडलं, बापाचा अंगरखा नाकाशी धरून बाजूला टाकला आणि विचारलं, "दगड धुतलात?" हेर्मियास मोरीपाशी बसला होता, पूर्वी दगड होता त्या जागी. त्याने सांगितलं. हुकूम सांगितला, खंदक सांगितला, हाडांचा खड्डा सांगितला. मेलिता उभ्यानेच ऐकत होती. शेजारच्या कुंपणापलीकडे नोन्ना वाल निवडत होती आणि तिचे हात थांबले होते.

"म्हणजे आई आता भिंतीत आहे," मेलिता म्हणाली.

"हो."

"आणि खूण कुणी केली?"

"मी."

"दुसरं कुणी करणारं नव्हतं?"

"होतं की. कुणीही केली असती." हेर्मियासने नखाने मोरीतला चुना खरवडला. "दगड घरी आणायचं ठरवलं होतं मी. आणला असता. पण लोक बघत होते. नोन्ना बोलली. मग मला वाटलं, बघाच आता. एवढी मोठी फुली मारली, मेलिता. आणि मागे वळून बघितलं, सगळे मला बघतायत का ते. तुझ्या आईकडे नाही बघितलं. लोकांकडे बघितलं."

तिने भांड्यावरचं फडकं काढलं, डाळिंबाचे दाणे सरकले होते ते बोटाने सारखे केले, फडकं परत बांधलं. "मला कळवायचं होतंत," ती शेवटी म्हणाली. "मी इथे येऊन भांडले असते. दोन दिवस जेवले नसते. मग उचलला असता आपण दोघांनी. नसता उचलता आला तर निदान मी तिला निरोप दिला असता. तो माझाही होता, बाबा. तो घोडा माझा होता."

"हो," हेर्मियास म्हणाला. तिच्या प्रत्येक शब्दाला त्याची ना नव्हती.

कुंपणापलीकडून नोन्ना म्हणाली, "पाहिलं होतं मी." दोघांनी तिकडे पाहिलं. तिने वालाची एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "मागे वळून बघितलं ते. तुझ्या बापाचं तोंड पाहिलं मी. मला वाटलं होतं तो मडकं फेकून देईल. फेकलं असतं तर मला बरं वाटलं असतं, शिव्या द्यायला मिळाल्या असत्या. मीच टोचलं त्याला. टोचायला नको होतं." ती थांबली. "मी माझ्या बास्सोसची वाइन दर रविवारी भिंतीवर ओतते, जागा दिसेल तिथे. कुठेतरी लागत असेल. तुम्हाला निदान भोक तरी आहे शोधायला. कोनोनने सांगितलं मला, भोकाचे पाच दगड मोऱ्यांना लागलेत आणि काल चार चाचपून तुम्ही परत फिरलात. पाचवी बघितलीत का?"

"नाही," हेर्मियास म्हणाला.

"का?" मेलिताने विचारलं आणि विचारता विचारताच तिला कळलं असावं, कारण तिने भांडं डोक्यावर घेतलं आणि दुसरा हात त्याच्यापुढे धरला. "उठा."

शेळ्यांच्या दरवाज्याबाहेर वाट ओली होती. चार दिवसांपूर्वीच्या सरीचं पाणी अजून मोरीतून थेंब थेंब ठिबकत होतं आणि तिच्याखाली गवताचा एक हिरवा पट्टा उगवला होता. हेर्मियास गुडघ्यांवर बसला. नोन्ना आणि मेलिता मागे उभ्या होत्या, पण या वेळी तो वळला नाही. त्याने भोकात बोट घातलं. दगड थंड होता. बोट पेराएवढं गेलं, दुसऱ्या पेराएवढं गेलं आणि अडलं. त्याने बोट वर उचललं, पुढे सरकवलं, पुन्हा खाली टेकवलं. पायरी होती. त्याची पायरी, बोटभर, वाकडी, साऱ्या शहरात दुसऱ्या कुणाच्याही हातून झाली नसती अशी. त्याने बोट तिथेच ठेवलं. पाणी बोटावरून मनगटाकडे उतरलं आणि त्याच्या बाहीत गेलं, आणि त्याला रडू आलं, मोठ्याने, म्हाताऱ्या माणसाला येतं तसं, नाक वाहून.

मेलिता त्याच्या शेजारी बसली. तिने पदराचं टोक ओलं केलं आणि दगडावरचा चुना पुसायला घेतला, आधी उगाच, मग नीट, जशी दर वर्षी पुसायची तशी. चुन्याखालून एक उथळ रेघ निघाली, मग दुसरी, मग क्रूस, खाली डोकं वर पाय झालेला. मग नाव. "बाबा," ती म्हणाली, "अक्षरं आत घालायची होती ना?" हेर्मियासने डोळे पुसून पाहिलं. कोनोनच्या माणसांना वाचता येत नव्हतं. त्यांनी दगड उलटून पाहिला असणार, त्यांना घोडेस्वार दिसला असणार, उठावदार, अंगरखा वाऱ्यावर उडालेला, आणि तेच दगडाचं तोंड असं धरून त्यांनी तो इमानाने आत लावला असणार. हेर्मियासने ओढलेल्या उथळ रेघांना त्यांनी अक्षरं मानलंच नव्हतं. चार हजार दगडांत बाहेर तोंड असलेली एकटी मात्रोना, तीही उलटी. नोन्ना वाकून बघत होती. "बाई गं," ती म्हणाली, "हिला कोण आत बसवणार."

मेलिताने बुधला उघडला आणि नेहमीसारखी वाइन भोकात ओतली. ती आत गेली, पायरीशी घुटमळली आणि तशीच परत येऊन तिघांच्या पायांवर सांडली. तिने पुन्हा ओतली. पुन्हा परत आली. "घेत नाहीये," मेलिता म्हणाली.

"घेणार कशी," हेर्मियास म्हणाला, आणि चाळीस वर्षांचा पाणीवाला त्याच्यात एकदम जागा झाला. "उतार बाहेरच्या बाजूला आहे. नळ घालायचा तर चार बोटं उतार द्या, असं मीच सांगितलंय. बाहेरून ओतून चढणार नाही ते. आतून ओतायला हवं. दरवाज्यातून आत जा, डावीकडे वळलीस की गटाराच्या तोंडाशी जाळी लागेल. ती उचल. नोन्ना, तुम्ही पण जा, तिला उचलायची नाही एकटीला." नोन्ना म्हणाली, "आणि माझ्या बास्सोससाठी थोडी ठेवाल ना? त्याला भिंतीत तोंडच नाही म्हणून विचारते." "सगळ्यांचं ओता," हेर्मियास म्हणाला. त्या दोघी गेल्या.

तो एकटा राहिला. खंदकापलीकडे शेतं होती, तुडवलेली, पुन्हा नांगरलेली. कुठेतरी एक शेळी ओरडत होती. त्याने दोन्ही हातांची ओंजळ करून भोकाखाली धरली, बोटं एकमेकांना घट्ट जोडून, थेंबही गळू नये अशी. पूर्वी धरायचा तशी. वेळ लागला. जाळी जड असणार. त्याला वाटलं की एवढ्या वर्षांत आपण नेहमी खालच्या तोंडाशीच बसलो. वर कोण उभं आहे ते न बघता, नुसतं येईल ते घेत. मग आत कुठेतरी खळखळ झाली. आधी धूळ आली, ओली, चुन्याची. मग गढूळ. मग लाल, पायरीवरून उडी मारत, घोडेस्वाराच्या बाजूने नावाच्या बाजूला, त्याच्या ओंजळीत. ओंजळ भरली आणि त्याच्या हाताला कळलं की वाइन थंड नाही, मेलिताच्या काखेतून आलेली, अंगाची ऊब घेतलेली आहे.

आणि दगडातून आवाज आला, जरा घोगरा, जरा ओला.

"पोचलं का?"

मेलिता लहानपणी त्या दोघांच्या मध्ये रस्त्यावर बसून हे ऐकत असे. तिला ते पाठच असणार. हेर्मियासला हे माहीत होतं. आत कोण वाकलंय, कुणाचे ओठ नळाशी आहेत, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने ओंजळीतलं सगळं पिऊन टाकलं, हनुवटीवरून ओघळलं तेवढं सोडून, आणि तोंड भोकापाशी नेलं. ओठांना दगड लागला.

"पोचलं," तो म्हणाला.